लाइट गेली, लाइट आली आणि एसीचा कॉम्प्रेसर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसी दुरुस्तीच्या कामात एक गोष्ट दर वर्षी तशीच घडते. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पहिला पाऊस पडला की पुढचे दोन दिवस फोन थांबत नाही. "रात्री वादळात लाइट सात-आठ वेळा गेली-आली, आता एसी नुसता वारा फेकतोय." मी विदर्भात काम करतो, पण पुण्या-नाशिकचे नातेवाईकही हेच विचारतात. त्यामुळे तीच ती उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

लाइट गेली आणि दहा सेकंदांत परत आली. एवढ्याशा वेळात बिघडतं काय?

बिघडतं ते लाइट लवकर परत आली म्हणूनच. तासभर गेली असती तर काही झालं नसतं.

कॉम्प्रेसर चालू असताना त्याच्याकडे एका बाजूने कमी दाबाचा गॅस येतो आणि दुसऱ्या बाजूने जास्त दाबाचा बाहेर पडतो. हल्लीच्या आर-३२ गॅसच्या एसीत कमी दाबाची बाजू साधारण १३० ते १५० पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं एकक) असते. जास्त दाबाची बाजू उन्हाळ्यात ४०० च्या पुढे जाते, आणि नागपूर-अकोल्यात पारा ४५ ला टेकला की ५०० च्याही वर. एसी बंद झाला की बारीक कॅपिलरी नळीतून गॅस हळूहळू सरकत राहतो आणि दोन्हीकडचा दाब २५० ते ३०० च्या आसपास सारखा होतो. मेकॅनिक गेज लावून ‘स्टँडिंग प्रेशर’ म्हणतात ते हेच.

दहा सेकंदांत हे झालेलं नसतं. म्हणजे भरलेली गाडी ऐन चढावर उभी आहे आणि तिथूनच ती ओढायची आहे. घरगुती एसीत कॉम्प्रेसर फिरवणारी सिंगल फेज मोटर एकदा फिरायला लागली की दमदार चालते, पण सुरू होतानाचा तिचा जोर बेताचाच असतो. समोर दाब असला की ती जागची हलत नाही, नुसती गुणगुणते. दीड टनाचा साधा (इन्व्हर्टर नसलेला) एसी चालताना ७-८ अँपिअर घेतो. अडकलेला कॉम्प्रेसर ३५ ते ४५ अँपिअर ओढतो. करंट पाचपट झाला की वाइंडिंगमधली (मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांतली) उष्णता पंचवीसपट होते. एरवी ही वाइंडिंग वाहत्या गॅसमुळे थंड राहते, आणि नेमका तोच आता थांबलेला असतो.

म्हणजे एका झटक्यात कॉम्प्रेसर जळतो?

सहसा नाही. कॉम्प्रेसरच्या डोक्यावर किंवा पोटात ओव्हरलोड नावाची एक छोटी वस्तू असते. जास्त करंटने ती तापते आणि काही सेकंदांत लाइन तोडते. आउटडोअरजवळ (एसीच्या घराबाहेरच्या भागाजवळ) उभं राहिलात तर आधी ‘हूंऽऽ’ आणि मग ‘टक्’ ऐकू येईल. थोड्या वेळाने ओव्हरलोड थंड होऊन पुन्हा जोडला जातो. तोवर दाबही सारखा झालेला असतो, आणि कॉम्प्रेसर गुपचूप सुरू होतो. घरात कुणाला पत्ताही लागत नाही.

पण प्रत्येक ‘हूं-टक्’ला वाइंडिंगवरचं वार्निश थोडं भाजतं. मोटरवाल्यांचा जुना हिशेब आहे: तापमान मर्यादेपेक्षा १० अंशांनी जास्त राहिलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. ओव्हरलोडही तोडून-जोडून थकतो, आणि एखाद्या दिवशी त्याचे कॉन्टॅक्ट चिकटून बसतात. त्यानंतर मोटरला वाचवणारं कुणी उरत नाही. म्हणून "काल तर चांगला चालत होता" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जळालेल्या कॉम्प्रेसरबद्दल ऐकायला मिळतं, आणि ते खरंही असतं.

तीनच मिनिटं का सांगतात?

साध्या स्प्लिट किंवा विंडो एसीत कॅपिलरीतून दाब सारखा व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो. कंपन्यांनी पीसीबीत (एसी चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डात) आणि स्टॅबिलायझरमध्ये तीन मिनिटांचा विलंब ठेवला आहे तो याच अंदाजाने. भर दुपारी, आउटडोअर गच्चीवर उन्हात असेल तर मी पाच मिनिटं सांगतो. दोन मिनिटं जास्त उकडलं तर सहन होतं, कॉम्प्रेसरचं बिल होत नाही.

माझ्या एसीत हा विलंब आधीच आहे का, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात कामाचा प्रश्न हा आहे आणि नेमका हाच कुणी विचारत नाही. लोक थेट "कोणता स्टॅबिलायझर घेऊ?" इथून सुरुवात करतात.

खटक्याचा, गोल बटण फिरवून तापमान लावायचा जुना विंडो एसी असेल तर विलंब नाही, असंच धरा. त्यात थर्मोस्टॅट हा साधा स्विच असतो. लाइट आली की त्याच क्षणी कॉम्प्रेसरला करंट मिळतो.

रिमोटच्या एसीत विलंब असतो, पण तो दोन प्रकारचा. पहिल्या प्रकारात पीसीबीला वीज मिळाली की ती तीन मिनिटं मोजते आणि मगच कॉम्प्रेसरला हात लावते. दुसऱ्या प्रकारात कॉम्प्रेसर बंद झाल्यापासून मोजणी होते. रिमोटने बंद-चालू करताना दुसरा प्रकारही उत्तम काम करतो. पण लाइटच गेली तर मोजणाऱ्या पीसीबीची स्मृतीही गेली. लाइट आल्यावर तिला वाटतं, कॉम्प्रेसर केव्हाचा बंदच आहे, करा सुरू.

तुमच्याकडे कोणता प्रकार आहे ते घरी तपासता येतं. चालू एसीवर हा प्रयोग करू नका. सकाळी, एसी किमान तासभर बंद असताना करा. एसीचा मेन स्विच बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा, रिमोटने एसी चालू करून तापमान खोलीपेक्षा बरंच खाली लावा आणि घड्याळ बघा. आतला पंखा लगेच फिरेल, त्याकडे लक्ष देऊ नका. कान आउटडोअरकडे ठेवा. कॉम्प्रेसर तीन मिनिटांनी सुरू झाला तर तुमची पीसीबी शहाणी आहे. लगेच सुरू झाला तर बाहेरून विलंब लावायला हवा. प्रयोग आधीपासून थांबलेल्या एसीवर असल्याने यात कॉम्प्रेसरला धोका काही नाही.

इन्व्हर्टर एसीला हे सगळं लागू होतं का?

अर्धंच लागू होतं. इन्व्हर्टर एसीत घरात येणारी उलटसुलट वाहणारी वीज आधी एकाच दिशेने वाहणारी (डीसी) होते आणि मग पीसीबी तिच्यापासून हवी तशी तीन फेजची वीज बनवून कॉम्प्रेसर हळूहळू फिरवायला घेते. त्यामुळे सुरुवातीचा तो पाचपट करंट येतच नाही. मोटर अडकली तर पीसीबीला करंट वाढलेला कळतो, ती थांबते, एरर दाखवते, थोड्या वेळाने पुन्हा बघते. बहुतेकांत पुन्हा सुरू होण्याचा विलंबही असतो. कॉम्प्रेसर जळण्याची भीती इथे खूपच कमी.

पण दुखणं जागा बदलतं. साध्या एसीत मार कॉम्प्रेसर खातो, इन्व्हर्टरमध्ये पीसीबी. आउटडोअरच्या पीसीबीवर मोठे कॅपॅसिटर (वीज साठवणारे डबे) असतात. लाइट आली की दर वेळी ते नव्याने भरतात, आणि तो लोंढा आवरणारा रिले (विजेने चालणारा स्विच) आणि त्याच्या जोडीचा पार्ट दर वेळी ताण सोसतात. मिनिटात पाच वेळा लाइट आली-गेली तर त्यांना उसंतच मिळत नाही. शिवाय वादळात येणारा सर्ज, म्हणजे व्होल्टेजची अचानक उसळी, वेगळाच. हल्ली माझ्याकडे कॉम्प्रेसरपेक्षा पीसीबीच्या तक्रारी जास्त येतात, आणि आउटडोअर पीसीबीचा खर्च ऐकून माणूस क्षणभर गप्प होतो. तेव्हा ‘इन्व्हर्टर आहे, काळजी नको’ हे अर्धसत्य आहे.

जाहिरातीत ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ लिहिलं आहे. खरं मानायचं का?

त्या वाक्याखाली बारीक अक्षरात व्होल्टेजची रेंज लिहिलेली असते. तुमच्या घरचं व्होल्टेज त्या रेंजमध्ये राहत असेल तर ते खरं आहे. रेंजच्या बाहेर काय होईल याबद्दल जाहिरात काहीच म्हणत नाही. आधी मोजा. वायरमनकडून मल्टिमीटर मागा आणि एसीच्या सॉकेटला तीन वेळा बघा: दुपारी तीनला, रात्री दहाला आणि पहाटे पाचला, शक्यतो एसी चालू असताना. आपल्याकडे २३० व्होल्ट अपेक्षित असतात. रात्री दहाला सगळी वस्ती एसी लावते तेव्हा डीपीच्या (वस्तीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या) शेवटच्या टोकाच्या घरात १८०-१९० मिळणं नवीन नाही, आणि पहाटे लोड उतरला की तिथेच २५० दिसतं.

एसी बंद असताना २२५ आणि चालू केल्यावर २०० दिसत असेल, तर दोष महावितरणचा असेलच असं नाही. घरातली वायर बारीक असेल किंवा कुठेतरी जोड ढिला असेल. तो स्टॅबिलायझरने झाकू नका, वायरमनकडून आधी दुरुस्त करून घ्या. ढिला जोड तापून आगही लागते.

कमी व्होल्टेज आणि पुन्हा सुरू होणं यांचा काय संबंध?

घट्ट संबंध आहे. मोटरचा सुरू होतानाचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० च्या जागी १८० व्होल्ट मिळाले तर जोर सुमारे ६१ टक्के उरतो. म्हणजे तीन मिनिटं थांबूनही, दाब सारखा होऊनही, मोटर हलत नाही अशी वेळ येऊ शकते. त्यात गोम अशी की लाइट परत येते तेव्हा सगळ्या गल्लीचे फ्रिज, पंप, एसी एकदम अंगावर येतात आणि पहिली एक-दोन मिनिटं व्होल्टेज सगळ्यात खाली असतं. तीन मिनिटांच्या विलंबाचा हा दुसरा फायदा.

मग स्टॅबिलायझर घ्यायचा की नाही?

व्होल्टेज खरोखर वर-खाली होत असेल तर घ्या. दीड टनाला साधारण ४ केव्हीएचा, दोन टनाला ५ चा. घेताना तीन गोष्टी विचारा. किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत तो सांभाळतो? त्यापलीकडे गेल्यावर लाइन तोडतो का? आणि विलंब किती? काही मॉडेल्सवर लहान-मोठा विलंब निवडायचं बटण असतं. "लवकर थंड होत नाही" अशी कटकट नको म्हणून बसवणारा माणूस ते लहानवर टाकून जातो. मी दोन-तीन घरांत असं पाहिलं आहे. ते मोठ्या विलंबावरच ठेवा.

काही स्टॅबिलायझर लाइट किती वेळ गेली होती ते बघतात आणि बराच वेळ गेली असेल तर लगेच सुरू करतात. चांगली सोय आहे.

व्होल्टेज स्थिर आहे, फक्त लाइट जाते-येते, अशा घरात स्टॅबिलायझरचं ट्रान्सफॉर्मरचं धूड भिंतीवर टांगायची गरज नाही. तिथे पुढच्या उत्तरातली वस्तू पुरते.

नुसता विलंब हवा असेल तर काय लावायचं?

डीबीत (घरातल्या विजेच्या मुख्य पेटीत) एमसीबीच्या, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या, शेजारी बसणारा व्होल्टेज प्रोटेक्टर मिळतो. त्यावर आकड्यांचा डिस्प्ले असतो. कमीत कमी व्होल्टेज, जास्तीत जास्त व्होल्टेज आणि पुन्हा जोडायचा वेळ या तीन गोष्टी लावायच्या. एसीसाठी मी १८५, २६० आणि १८० सेकंद लावतो. भर उन्हाळ्यात ३०० सेकंद. स्टॅबिलायझरपेक्षा बराच स्वस्त पडतो. तो व्होल्टेज दुरुस्त करत नाही, वाईट असलं की सरळ तोडतो आणि शुद्धीवर आलं की वेळ मोजून जोडतो.

फक्त एसीच्या लाइनवर बसवा. अख्ख्या घरावर बसवला तर लाइट आल्यावर तीन मिनिटं घरातला बल्बही लागणार नाही, आणि घरातली मंडळी तो दुसऱ्याच दिवशी काढायला लावतील. अनुभवाचे बोल.

याचा आणखी एक उपयोग: खांबावरचा न्यूट्रल तुटला तर घरात ३००-३५० व्होल्टसुद्धा घुसू शकतात. अशा वेळी नुसता विलंब कामाचा नाही, तोडणारं काहीतरी हवं.

वादळातल्या सर्जसाठी मात्र वेगळा सर्ज प्रोटेक्टर लागतो, आणि त्याला चांगली अर्थिंग लागते. अर्थिंग नसेल तर त्याचे पैसे वाया.

लाइट लपंडाव खेळायला लागली की त्या क्षणी मी काय करू?

उठा आणि एसीचा मेन स्विच किंवा एमसीबी बंद करा. एवढंच.

वळवाच्या वाऱ्यात फांद्या तारांना लागतात, फीडर (सबस्टेशनमधून वस्तीकडे येणारी लाइन) ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. सबस्टेशनमधून तो पुन्हा चार्ज करून बघतात, कुठे कुठे यंत्रच आपोआप बघतं. फांदी तिथेच असेल तर पुन्हा ट्रिप. म्हणूनच लाइट तीन-चार वेळा येऊन जाते. ही प्रत्येक ‘आली’ कॉम्प्रेसरला एक धक्का. लाइट सलग दहा मिनिटं टिकली की मग एसी लावा.

रात्री झोपेत हे जमत नाही, मान्य. त्यासाठीच वरची वस्तू. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाताना तरी एसीचा एमसीबी खाली करून जा. बऱ्याच एसीत लाइट आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असते. रिमोटने बंद केलेला एसी त्याने सुरू होणार नाही, पण घाईत चालूच राहिला असेल तर रिकाम्या घरात आठ दिवस तो प्रत्येक लपंडावात भाग घेईल.

आमच्या सोसायटीत जनरेटर आहे. म्हणजे काळजी मिटली ना?

उलट वाढली. लाइट जाते, पंधरा-वीस सेकंदांत जनरेटर येतो. काही वेळाने महावितरणची लाइट येते, पॅनल बदलतं, पुन्हा क्षणभर अंधार. एकदा लाइट गेली की कॉम्प्रेसरला दोन धक्के, आणि दोन्ही अगदी तीन मिनिटांच्या आतले. त्यात शंभर फ्लॅटचे एसी एकाच वेळी उठायला बघतात तेव्हा जनरेटरचं व्होल्टेजही दबतं.

काही सोसायट्यांमध्ये जनरेटरवर फक्त दिवे-पंखे आणि लिफ्ट असते, एसीचा पॉइंट नसतो. तिथे पहिला धक्का वाचतो. बाकीच्यांनी प्रत्येक एसीला विलंब लावावा, आणि जमलं तर शेजाऱ्यांनी वेगवेगळा: कुणी तीन मिनिटं, कुणी चार, कुणी पाच. आमच्या ओळखीच्या एका कमिटीने हे सर्क्युलर काढून केलं. सर्क्युलरवर दोन मीटिंग भांडण झालं, पण उन्हाळ्यात जनरेटर दबायचा थांबला.

कॉम्प्रेसर गुणगुणतो आणि बंद पडतो. आता काय करू?

एसी बंद करा, मेन स्विच बंद करा आणि दोन-तीन तास हात लावू नका. ओव्हरलोड कॉम्प्रेसरच्या आत असेल तर अख्खी लोखंडी टाकी थंड झाल्याशिवाय तो जोडला जात नाही, आणि त्या टाकीला थंड व्हायला वेळ लागतो. तापलेल्या कॉम्प्रेसरवर बादलीभर पाणी ओतणारे लोक मी पाहिले आहेत. शेजारीच विजेची टर्मिनल्स असतात. कृपा करून करू नका.

तीन तासांनीही तेच झालं तर मेकॅनिक बोलवा आणि सगळ्यात आधी कॅपॅसिटर मोजायला सांगा. सिंगल फेज कॉम्प्रेसरला सुरू होताना टेकू देतो तो हा डबा. दीड टनाच्या साध्या एसीत तो साधारण ४५-५० मायक्रोफॅरडचा असतो. डोकं फुगलेलं दिसलं तर संपलेलाच, पण न फुगताही ५० चा ३५ झालेला असू शकतो, आणि मग लक्षणं हुबेहूब अडकलेल्या कॉम्प्रेसरसारखी दिसतात. माझ्या मावसभावाला एका मेकॅनिकने "कॉम्प्रेसर जॅम, बदलावा लागेल" असं सांगून मोठा आकडा दिला होता. मी जाऊन मोजलं तर कॅपॅसिटर १८ वर आला होता. काही शे रुपयांत काम झालं. तो एसी अजून चालतो.

स्वतः उघडून बघण्याच्या फंदात मात्र पडू नका. वीज बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये जोरदार झटका देण्याइतका चार्ज राहतो.

एमसीबी पडतो, वर केला की पुन्हा पडतो.

दुसऱ्यांदा पडला की थांबा. एसीला सी कर्व्हचा, म्हणजे सुरुवातीचा क्षणभराचा जास्त करंट सहन करणारा, एमसीबी हवा. दिव्यांसाठीचा बी कर्व्ह लावला असेल तर तो सुरुवातीच्या करंटनेही पडू शकतो. वायरमनला तेवढं बघायला सांगा. पण इतके दिवस न पडणारा सी कर्व्ह आज पडत असेल तर वाइंडिंग अर्थ झाली (तारेचं इन्सुलेशन जाऊन ती लोखंडी बॉडीला टेकली) असण्याची शक्यता आहे. एमसीबीला काडी लावून धरून ठेवणारेही भेटले आहेत. त्यांना समजवायची ताकद माझ्यात नाही.

स्मार्ट प्लगवरून एसी बंद-चालू केला तर?

नको. तो एसीची वीजच तोडतो, म्हणजे दर वेळी घरच्या घरी लोडशेडिंग. फोनवर एकदा चुकून दोनदा टिचकी मारली की झालं. मोबाईलवरून चालवायचाच असेल तर रिमोटसारखा इन्फ्रारेड सिग्नल देणारं यंत्र घ्या. मग बंद-चालूचा निर्णय पीसीबीच्या हातात राहतो.

आणि रिमोटनेच सारखं बंद-चालू केलं तर?

पीसीबी सांभाळून घेते, तरी ती सवय चांगली नाही. "थोडा वेळ लावतो, गार झालं की बंद करतो, परत लावतो" याने वीज वाचते असं बऱ्याच घरांत मानतात. त्यापेक्षा तापमान वर न्या आणि पंखा लावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमाने १ जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगचे घरगुती एसी मुळातच २४ अंशांवर सेट होऊन येतात. तिथून १८ वर नेल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त साधा कॉम्प्रेसर जास्त वेळ चालत राहतो.

छोट्या खोलीला मोठा एसी लावला तर तो दर चार-पाच मिनिटांनी कापतो आणि पुन्हा सुरू होतो. दिवसाला नुसत्या सुरुवातीच किती झाल्या बघा. दहा बाय दहाच्या खोलीला दोन टन घेणारे "मोठा घेतला, ताण कमी" म्हणतात. इन्व्हर्टर नसेल तर प्रकार उलटा आहे.

सर्व्हिसिंगचा याच्याशी काही संबंध आहे का?

आहे. आउटडोअरची जाळी धुळीने, कबुतरांच्या पिसांनी किंवा कोकणात खाऱ्या हवेने बुजली की जास्त दाबाची बाजू आणखी वर जाते. बंद झाल्यावर दाब सारखा व्हायला जास्त वेळ लागतो आणि ओव्हरलोड आधीच गरम असतो. मुंबईत डक्टमध्ये कोंबलेली, एकमेकांच्या तोंडावर गरम हवा फेकणारी आउटडोअर बघितली की तीन मिनिटांचा हिशेबच विसरावा लागतो. उन्हाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा आउटडोअर पाण्याने नीट धुऊन घ्या.

हार्ड स्टार्ट किट लावून देतो म्हणतात. लावू का?

जुना, कुरकुरत सुरू होणारा साधा एसी आणखी एक-दोन उन्हाळे ओढायचा असेल तर. हे किट म्हणजे जादाचा कॅपॅसिटर, तो सुरुवातीला क्षणभर जोर देतो आणि बाजूला होतो. पण बाजूला होणारा रिले चिकटला तर तोच वाइंडिंग जाळतो. आणि निरोगी कॉम्प्रेसरला याची गरज नसते. आधी व्होल्टेज, मग रन कॅपॅसिटर (वर सांगितलेला, एसीतला मूळचा), मग आउटडोअरची सफाई, आणि हे सगळं करून काही उरलं तर हे. इन्व्हर्टर एसीला तर हा प्रकार लागूच नाही. कुणी सुचवलं तर मेकॅनिक बदला.

कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी आहे. मग एवढं कशाला?

कार्ड वाचा. बहुतेकदा दहा वर्षं फक्त कॉम्प्रेसर या वस्तूवर असतात. गॅस भरणं, मजुरी, नेण्या-आणण्याचा खर्च तुमचा. पीसीबीची मुदत वेगळी लिहिलेली असते, ती नीट बघा. आणि ऐन मे महिन्यात पार्ट यायला आठ-दहा दिवस लागले तर ते दिवस वॉरंटीत येत नाहीत.

फ्रिजलाही हेच नियम का?

तत्त्व तेच. त्यातही बारीक कॅपिलरी आणि सिंगल फेज कॉम्प्रेसर असतो. फ्रिजचा करंट लहान असल्याने मार कमी, पण साध्या फ्रिजला विलंबाचा छोटा प्लग लावलेला बरा. लपंडाव चालू असेल तर एसीबरोबर फ्रिजचाही स्विच बंद करा. दार न उघडता तासभर काही नासत नाही.